वाटेवर लिहिलेलं, नंतर आठवलेलं

मे १८४७. आजच्या नेब्रास्का राज्यातल्या प्लॅट नदीच्या काठानं मॉर्मनपंथीयांच्या छप्पर घातलेल्या गाड्यांचा एक तांडा पश्चिमेकडं निघाला होता. एका गाडीच्या चाकाच्या आऱ्याला लाल चिंधी बांधलेली होती आणि तिच्यावर नजर ठेवून विल्यम क्लेटन नावाचा बत्तिशीतला इंग्रज चाकाशेजारून चालत होता. चिंधी फिरून वर आली की एक फेरा. चाकाचा घेर १४ फूट ८ इंच, म्हणजे ३६० फेऱ्यांचा बरोबर एक मैल. ८ मे रोजी त्यानं दिवसभरात ४,०७० फेरे मोजले. सव्वाअकरा मैलांहून थोडं जास्त. बाकीची मंडळी संध्याकाळी शेकोटीपाशी बसून अंदाजानं आकडे ठोकायची. ते आकडे फुगलेले असतात असा क्लेटनचा संशय होता, आणि तो त्याला स्वस्थ बसू देत नव्हता.

दिवसभर चाक मोजत चालणं हे काही माणसाचं काम नव्हे. तांड्यात ऑर्सन प्रॅट नावाचा गणिताचा जाणकार होता. त्यानं दात्यांच्या चाकांची एक रचना सुचवली, ऍपलटन हार्मन या कारागिरानं ती लाकडात बनवली आणि मैल आपोआप मोजले जाऊ लागले. पुढं हे यंत्र आपणच शोधलं असा आव हार्मन आणू लागला, तेव्हा क्लेटननं आपली नाराजी रोजनिशीत टिपून ठेवली. देवाच्या नावानं वाळवंटाकडं निघालेल्या माणसांमध्येही श्रेयाचं भांडण होतं, आणि ते आपल्याला कळतं ते या रोजनिशीमुळंच. पुढच्याच वर्षी क्लेटननं सेंट लुईसला एक छोटी मार्गदर्शिका छापली. कोणत्या ओढ्यापासून कोणता उतार किती मैलांवर, पाणी कुठं, गवत कुठं, रात्रीचा तळ कुठं टाकावा, हे सगळं तिच्यात होतं. मॉर्मन नसलेले प्रवासीही ती विकत घेत.

मॉर्मन लोकांची पार्श्वभूमी थोडक्यात सांगायला हवी. न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ या तरुणानं ६ एप्रिल १८३० रोजी आपला ख्रिस्ती पंथ स्थापन केला. आपल्याला देवदूतानं सोन्याचे पत्रे दाखवले आणि त्यांवरून ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा ग्रंथ उतरला, असं तो सांगे. पंथ झपाट्यानं वाढला आणि जिथं गेला तिथं शेजाऱ्यांशी त्याचं बिनसलं. मिसूरीच्या राज्यपालानं १८३८ मध्ये यांना राज्याबाहेर घालवा किंवा संपवा असा लेखी हुकूम काढला. इलिनॉयमध्ये मिसिसिपीच्या काठी त्यांनी नॉव्हू हे गाव वसवलं, पण २७ जून १८४४ रोजी जमावानं कार्थेजच्या तुरुंगात शिरून जोसेफ स्मिथला गोळ्या घातल्या. ब्रिगहॅम यंगनं सूत्रं हाती घेतली आणि फेब्रुवारी १८४६ मध्ये मंडळी गोठलेल्या हवेत घरं सोडून निघाली. १८४७ च्या जुलैमध्ये पहिली तुकडी आजच्या युटा राज्यातल्या ग्रेट सॉल्ट लेकच्या खोऱ्यात उतरली. तिच्यात १४३ पुरुष, ३ बायका आणि २ मुलं होती. ती जमीन तेव्हा नकाशावर मेक्सिकोची होती. १८६९ मध्ये रेल्वे पोचली, तोवर सुमारे ७० हजार मॉर्मन याच वाटेनं गेले.

अमेरिकेच्या पश्चिमेकडं त्या काळात लाखो लोक गेले. सोनं शोधणारे गेले, शेतजमिनीसाठी जाणारे गेले. पण मॉर्मनांइतकं लिहून फार थोड्यांनी ठेवलं. कारण श्रद्धेत आहे, तसंच व्यवहारातही. पंथाच्या स्थापनेच्याच दिवशी ‘नोंद ठेवा’ असा आदेश आला, असं त्यांचा धर्मग्रंथ सांगतो. शिवाय मिसूरीतून हाकलल्यावर या लोकांनी शेकडो अर्ज लिहिले: किती एकर गेलं, किती गुरं गेली, कोण मेलं. नोव्हेंबर १८३९ मध्ये जोसेफ स्मिथ भरपाई मागायला वॉशिंग्टनला जाऊन राष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्युरेन यांना भेटला. हाती काही लागलं नाही. पण आपल्यावर काय गुजरलं ते तारीखवार लिहून ठेवायचं, ही सवय मात्र साध्या शेतकरी-कारागिरांच्या हाडीमासी भिनली.

या लिखाणाचे सरळ दोन भाग पडतात. एक वाटेवर, त्या त्या दिवशी, थंडीनं आखडलेल्या बोटांनी लिहिलेलं. दुसरं चाळीस-पन्नास वर्षांनी, नातवंडांच्या आग्रहावरून सांगितलेलं. दोन्ही शेजारी ठेवून वाचली की खरी गंमत सुरू होते.

पहिल्या प्रकाराचा उत्तम नमुना म्हणजे पॅटी सेशन्स ही सुईण. जन्म १७९५, मेन राज्यातला. नॉव्हू सोडताना मुलीनं तिला कोरी वही दिली आणि फेब्रुवारी १८४६ पासून तिनं ती लिहायला घेतली. नोंदी अगदी कोरड्या. अमक्या बाईला मुलगा झाला, तमकीला मुलगी. पाऊस. चिखल. कुणाच्या घोड्यावरून रात्री किती मैल गेले, किती पैसे मिळाले, किती यायचे राहिले. आयुष्यभरात तिनं ३,९७७ बाळंतपणं केली असं सांगितलं जातं. जून १८४७ मध्ये ती निघाली तेव्हा ५२ वर्षांची होती आणि गाडी स्वतः हाकत होती. सप्टेंबरमध्ये खोऱ्यात पोचल्यावर तिनं लिहिलं त्याचा आशय असा: शेवटच्या दोन डोंगरांचा थोडा भाग सोडला तर सगळी वाट गाडी मीच हाकली, काही मोडलं नाही, काही उलटलं नाही. हजार मैलांच्या प्रवासाबद्दल याहून जास्त मोठेपणा तिनं स्वतःकडं घेतला नाही. मला तरी तिच्या या दोन वाक्यांपुढं पुतळ्यांखालचे मजकूर फिके वाटतात.

ती कोरडी होती म्हणजे तिला दुःख नव्हतं असं नाही. पंथात तेव्हा चालत असलेल्या बहुपत्नीत्वाला धरून नवरा डेव्हिड यानं रोझिला नावाची दुसरी बायको केली होती. १८४६-४७ च्या हिवाळ्यात मिसूरी नदीकाठच्या छावणीत सवत आणि नवरा यांच्यामुळं पॅटी रात्र रात्र रडली, जेवण सुटलं, हे त्याच वहीत आहे. बाळंतपणांच्या आणि भाकरी भाजल्याच्या नोंदींच्या मधोमध. त्यासाठी वेगळं पान नाही, वेगळा सूर नाही.

आता याच काळाची एक आठवण पाहू. नॉव्हूतून निघालेल्यांचा पहिला तळ पलीकडच्या काठावर शुगर क्रीकला पडला. तिथं पहिल्याच रात्री बर्फात नऊ बाळं जन्मली, ही कथा शंभर वर्षं सांगितली गेली. पुस्तकांत आली, चित्रांत आली. ती लिहिली कवयित्री एलायझा स्नो हिनं. पण एलायझा पहिल्या रात्री तिथं नव्हतीच. ती आठवडाभरानं आली आणि तिनं ऐकलेलं लिहिलं. अभ्यासकांनी रोजनिश्या आणि जन्मनोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा एका रात्रीत नऊ जन्म काही सापडेनात. तळावर आणि पुढच्या वाटेवर मुलं जन्मली, हालही झाले, हे खरं. ते सगळं आठवणीनं एका रात्रीत आणून बसवलं.

असंच ब्रिगहॅम यंगच्या प्रसिद्ध उद्गाराचं. २४ जुलै १८४७ रोजी तापानं आजारी असलेला यंग आपला सहकारी विल्फर्ड वुड्रफ याच्या गाडीत पडून होता. खोरं दिसताच ‘हीच ती जागा’ अशा अर्थाचं काही तो म्हणाला, हे युटामध्ये शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. त्या जागी भव्य स्मारक आहे आणि २४ जुलैला राज्यभर सुट्टी असते. पण वुड्रफच्या त्या दिवशीच्या रोजनिशीत हे शब्द नाहीत. ते आले १८८० मध्ये, वुड्रफनं तेहतीस वर्षांनी केलेल्या भाषणात.

कुरव पक्ष्यांची गोष्टही अशीच. १८४८ च्या उन्हाळ्यात पहिल्या पिकावर नाकतोड्याच्या जातीच्या काळ्या, न उडणाऱ्या किड्यांची धाड पडली. मग तलावावरून कुरवांचे थवे आले, त्यांनी किडे फस्त केले आणि वसाहत वाचली, अशी कथा. सॉल्ट लेक सिटीत या पक्ष्यांचं स्मारक १९१३ पासून उभं आहे. पक्षी आले होते, त्या वेळच्या पत्रांत त्यांचा उल्लेखही आहे. पण त्या उन्हाळ्याच्या रोजनिश्यांत किडे जागोजाग आहेत, दंव आहे, पाण्याची टंचाई आहे, पक्षी मोजकेच. पीक मोठ्या प्रमाणावर गेलंच. किडे पुढच्या वर्षांतही येत राहिले. ‘चमत्कार’ हे नाव या घटनेला सावकाश चिकटत गेलं.

म्हणून म्हातारपणीच्या आठवणी खोट्या समजून बाजूला सारणं हा मात्र शुद्ध आळस होईल. काही गोष्टी त्या दिवशी लिहिताच येत नाहीत. हातगाड्यांच्या तांड्यांची कहाणी याची साक्ष आहे.

युरोपातल्या गरीब मॉर्मनांना आणायला चर्चनं १८४९ मध्ये कर्जाऊ निधी उभारला होता. १८५५ मध्ये युटात टोळांनी पिकं खाल्ली आणि निधी आटला. बैलगाडी महाग, म्हणून यंगनं हातगाडीचा मार्ग काढला. पाच माणसांमागं एक हातगाडी, वीस माणसांमागं एक तंबू, मोठ्या माणसाला १७ पौंड सामान. आयोवा सिटीपासून तेराशे मैल स्वतः ओढत न्यायचं. १८५६ ते १८६० या काळात असे दहा तांडे, सुमारे ३ हजार माणसं गेली. आठ तांडे बऱ्यापैकी सुखरूप पोचले, हे सहसा कुणी सांगत नाही. लक्षात राहिले ते १८५६ चे शेवटचे दोन, विली आणि मार्टिन या म्होरक्यांचे. जहाजं उशिरा सुटली, आयोवात गाड्या तयार नव्हत्या, घाईनं ओल्या लाकडाच्या बनवल्या. ते लाकूड कोरड्या हवेत आकसलं, आस झिजले आणि वंगणाच्या जागी खायचं डुकराचं मांस आणि साबण वापरावा लागला.

ऑगस्टच्या मध्याला नेब्रास्कातल्या फ्लोरेन्स इथं बैठक झाली: पुढं जायचं की हिवाळा इथंच काढायचा? लेव्हाय सॅव्हेज हा वाट माहीत असलेला माणूस उभा राहिला आणि रडत रडत म्हणाला, म्हातारी आणि मुलं मरतील. बहुमत पुढं जाण्याच्या बाजूनं पडलं. मग तोही निघाला, सगळ्यांसोबत उपाशी राहायला तयार होऊन. हा प्रसंग सर्वांत ठसठशीतपणे लिहिला तो जॉन चिझलेट या विलीच्या तांड्यातल्या माणसानं, आणि हा चिझलेट पुढं पंथ सोडून गेला. त्याचा वृत्तांत १८७३ मध्ये पंथाबाहेर पडलेल्या दुसऱ्या एका लेखकाच्या पुस्तकात छापला गेला. आज श्रद्धाळू मॉर्मन घरांतही सॅव्हेजचे बोल आदरानं सांगितले जातात, ते एका धर्म सोडलेल्या माणसाच्या आठवणीवर विसंबून.

१९ ऑक्टोबरला वायोमिंगच्या पठारावर पहिलं वादळ आलं. मार्टिनचा तांडा त्याच दिवशी नॉर्थ प्लॅट नदी ओलांडत होता. एलिझाबेथ जॅक्सन ही इंग्रज बाई तीन लहान मुलांसह त्यात होती. नवरा ऍरन आजारानं खंगलेला. रात्री कधीतरी तिला जाग आली. शेजारी श्वासाचा आवाज येईना. हात लावला तर अंग गार. उजेड करायला काही नव्हतं, मदतीला येण्याइतकं कुणात त्राण नव्हतं. ती उजाडेपर्यंत त्या प्रेताशेजारी पडून राहिली. जमीन गोठलेली होती म्हणून त्याला बर्फाखाली ठेवून पुढं निघाले. हे तिनं छापलं १९०८ मध्ये. त्या रात्री ती ते कशावर आणि कसल्या हातानं लिहिणार होती?

विलीचा तांडा २३ ऑक्टोबरला रॉकी रिज नावाची खडकाळ चढण हिमवादळात चढला. दुसऱ्या सकाळी तेरा जणांना एकाच खड्ड्यात पुरलं. दोन्ही तांडे मिळून हजारावर माणसं होती. दोनशेहून अधिक मेली. यंगला बातमी कळल्यावर त्यानं ५ ऑक्टोबरच्या सभेत प्रवचन बाजूला ठेवून खेचरं, पीठ आणि गाडीवाले मागितले. त्या मदतीमुळंच बाकीचे वाचले. पण हातगाडीची कल्पना त्याचीच होती, आणि खापर त्यानं फोडलं ते युरोपातून तांडे उशिरा पाठवणाऱ्यांवर.

विलीच्या या तांड्यात मुंबईची एक बाई होती. १८५२ मध्ये ह्यू फिंडली हा स्कॉटिश मॉर्मन प्रचारक मुंबईत उतरला आणि पुढं पुण्याच्या कॅन्टोन्मेंटमध्येही राहिला. त्याचा जम बसला नाही. हाताशी लागले ते मुख्यतः गोरे शिपाई आणि त्यांची कुटुंबं. अशाच एका स्कॉटिश शिपायाशी, विल्यम टेटशी, लग्न झालेली एलिझाबेथ झेवियर ही ती बाई. नवरा आधी युटाला गेला होता. वंशजांनी जपलेल्या कथेनुसार तिनं माहेरच्यांचा विरोध पत्करला, वाटेत तिची तान्ही मुलगी गेली, तरी ती मागं फिरली नाही. माहेर उच्चवर्णीय हिंदू होतं असंही त्या कथेत सांगतात. झेवियर हे नाव पाहता कोणत्याही मराठी वाचकाची भुवई वर जाईल. मला तरी वसई, गोवा किंवा मुंबईतल्या ख्रिस्ती घरांची आठवण आधी झाली. पण अमेरिकेत पूर्वजांना राजकन्या किंवा ब्राह्मण करून ठेवण्याची हौस मोठी आहे. राजकन्या असो वा नसो, मुंबईच्या हवेत वाढलेली एक मुलगी १८५६ च्या ऑक्टोबरात रॉकी रिज चढली आणि पुढं सीडर सिटीला संसार करून राहिली.

याच आपत्तीतून आणखी एक दंतकथा निघाली. स्वीटवॉटर नदीच्या बर्फाळ पाण्यातून तीन तरुणांनी मार्टिनच्या जवळजवळ सगळ्या तांड्याला पाठीवर घेऊन पार केलं आणि त्या थंडीनंच तिघांचा अंत झाला. विसाव्या शतकाच्या सुरवातीला त्या तिघांतल्याच एकाच्या भावानं ती छापून आणली. २००६ मध्ये एका मॉर्मन इतिहासकारानं कागद धुंडाळून दाखवलं की पाण्यात उतरलेले तरुण तिघांहून जास्त होते, बरेच लोक स्वतःच किंवा गाड्यांतून पार झाले आणि हे तिघं नंतर पुष्कळ वर्षं जगले. मला यात पराक्रम कमी झालेला दिसत नाही. गोठलेल्या पाण्यात उतरून, मग घरी जाऊन सर्दी-पडसं काढत वर्षानुवर्षं जगणं, हेही काही थोडं नव्हे.

१८४७ मध्ये मॉर्मनांनी खोऱ्यात उतरायला वापरलेली डोंगरवाट आदल्या वर्षी डॉनर तांड्यानं झाडं तोडून पाडली होती. ते मॉर्मन नव्हते, कॅलिफोर्नियाला चालले होते. या वाटेवर वेळ गेला, सिएरा नेवाडात बर्फानं अडकले आणि ८७ पैकी जवळजवळ निम्मे मेले. उरलेल्यांतल्या काहींनी मेलेल्यांचं मांस खाल्लं. पॅट्रिक ब्रीन या आयरिश शेतकऱ्याची त्या हिवाळ्यातली रोजनिशी उपलब्ध आहे. वारा कोणत्या दिशेचा, बर्फ किती, कोण गेलं, कातडी उकळून खाल्ली. बस्स. आणि तेरा वर्षांच्या व्हर्जिनिया रीडनं मे १८४७ मध्ये चुलत बहिणीला लिहिलेल्या पत्राचा सल्ला असा की जवळची वाट कधी धरू नका आणि वाटेत रेंगाळू नका.

पुन्हा मॉर्मनांकडं येऊ. जेन मॅनिंग जेम्स ही कनेक्टिकटची स्वतंत्र कृष्णवर्णीय बाई. १८४३ मध्ये ती आई-भावंडांसह नॉव्हूला निघाली. बफेलोला कातडीच्या रंगावरून बोटीत घेतलं नाही, तेव्हा ही मंडळी सुमारे आठशे मैल चालत गेली. जोडे फाटले, पाय फुटले, वाटेत रक्ताचे ठसे उमटले, असं तिनं म्हातारपणी सांगून लिहून घेतलं. नॉव्हूत ती जोसेफ स्मिथच्या घरी राहून काम करायची. १८४७ मध्येच ती सॉल्ट लेकला पोचली. तिच्या सच्चेपणाचा पुरावा दुसरीच्याच वहीत सापडतो. एप्रिल १८४९ मध्ये एलायझा लायमन या गोऱ्या शेजारणीच्या घरात खायला काही नव्हतं. तिनं लिहून ठेवलंय की जेन जेम्सनं मला दोन पौंड पीठ दिलं, आणि तिच्याकडं होतं त्याच्या ते जवळजवळ निम्मं होतं.

त्याच जेननं मंदिरातले पवित्र विधी आपल्यालाही मिळावेत म्हणून वर्षानुवर्षं चर्चच्या वरिष्ठांकडं अर्ज केले. कृष्णवर्णीय म्हणून ते नाकारले गेले. १८९४ मध्ये एक तोडगा काढला: तिला जोसेफ स्मिथच्या कुटुंबाशी जोडणारा विधी झाला, पण ‘सेविका’ म्हणून, आणि तिच्या जागी दुसरीच बाई उभी करून. तिला ते पटलं नाही. ती मागत राहिली. १९०८ मध्ये ती वारली, तेव्हा अंत्यसंस्काराला चर्चचे अध्यक्ष बोलले. कृष्णवर्णीयांवरची ही बंदी उठली १९७८ मध्ये.

जेनला निदान स्वतःच्या तोंडून सांगता आलं. यंगच्या पहिल्या तुकडीत ग्रीन फ्लेक, हार्क ले आणि ऑस्कर क्रॉस्बी हे तीन गुलाम होते. त्यांनी रस्ता फोडला, पहिली नांगरणी केली. सॉल्ट लेक सिटीतल्या स्मारकावर त्यांची नावं कोरली आहेत ती ‘नोकर’ म्हणून. १८५२ मध्ये युटाच्या विधिमंडळानं गुलामी कायद्यात बसवली. आणि मुळातल्या रहिवाशांचं काय? खोरं यूट आणि शोशोनी लोकांच्या वावरातलं होतं. १८४७ च्या हिवाळ्यात हल्लेखोरांनी पकडून आणलेली एक मुलगी छावणीत विकायला आली. यंगच्या मेव्हण्यानं तिला घेतलं, ती यंगच्या घरी वाढली, स्वयंपाकघरात राबली. सगळे तिला सॅली म्हणत. पुढं पाहवांत लोकांचा प्रमुख कॅनोश याच्याशी तिचं लग्न झालं आणि १८७८ मध्ये ती गेली. तिच्याबद्दल जे आहे ते सगळं घरच्या गोऱ्या बायकांनी लिहिलेलं. तिचा स्वतःचा एक शब्दही कागदावर नाही.

बहुपत्नीत्वाबद्दल बाहेरच्यांनी बरीच रसभरीत पुस्तकं लिहिली. मला त्यापेक्षा ऍनी क्लार्क टॅनरचं आत्मचरित्र मोलाचं वाटतं. १८८३ मध्ये ती दुसरी बायको म्हणून लग्न करून आली. बहुपत्नीत्वावर फेडरल खटले चालू होते, म्हणून गाजावाजा नाही. त्याच संध्याकाळी नवरा तिला माहेरी सोडून पहिल्या बायकोसह निघून गेला. ती एकटी दुधात पाव कुस्करून खात बसली आणि तिच्या मनात आलं, हेच आपलं लग्नाचं जेवण. तिनं पंथ सोडला नाही, पण गोडवेही गायले नाहीत. दुसऱ्या टोकाला डॉक्टर मार्था ह्यूझ कॅनन. वेल्समध्ये जन्मली, १८८० मध्ये मिशिगन विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतली, चौथी बायको झाली. नवऱ्याविरुद्ध साक्ष द्यावी लागू नये म्हणून तान्ह्या मुलीसह इंग्लंडला पळाली आणि तिथून टोपणनावानं पत्रं लिहीत राहिली. १८९६ मध्ये ती युटाच्या सिनेटवर निवडून आली. कोणत्याही राज्याच्या सिनेटवर गेलेली अमेरिकेतली ती पहिली बाई. पराभूत उमेदवारांत तिचा नवराही होता.

या सगळ्या वह्या माळ्यांवर, ट्रंकांत पडल्या होत्या. त्या बाहेर काढण्याचं काम मोठ्या प्रमाणावर बायकांनीच केलं. १९०१ मध्ये पायोनियरांच्या लेकी-नातींची संघटना निघाली. तिच्या केट कार्टर यांनी शेकडो घरगुती चरित्रं गोळा करून खंडच्या खंड छापले. ती भक्तिभावानं, खाचखळगे बुजवून लिहिलेली असत. वंशावळीचं वेड या पंथात धर्मकर्तव्यच आहे. त्यांच्या युटामधल्या संस्थेनं हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीसुद्धा मायक्रोफिल्म करून नेली आहे.

खाचखळगे न बुजवणारी बाई होती ज्युआनिटा ब्रुक्स. १८९८ मध्ये नेवाडातल्या बंकरव्हिल या मॉर्मन खेड्यात जन्म, तरुणपणीच वैधव्य, पदरी मूल. १९१९ च्या सुमाराला ती शिक्षिका असताना नेफी जॉन्सन हा वृद्ध तिच्याकडं आला. माझ्या डोळ्यांनी जे पाहिलं ते जिभेवर कधी आणलं नाही, मरण्यापूर्वी ते लिहून घे, असं त्यानं सांगितलं. तिनं पुढं ढकललं. ती गेली तेव्हा तो शेवटच्या घटका मोजत होता आणि भ्रमात ‘रक्त, रक्त’ म्हणून ओरडत होता. सप्टेंबर १८५७ मध्ये दक्षिण युटातल्या माउंटन मेडोज इथं जे घडलं, तिथं तो होता. अमेरिकेचं सैन्य युटावर चालून येत असल्याच्या घबराटीत स्थानिक मॉर्मन सैनिकांनी, काही पायूट आदिवासी साथीदारांसह, आर्कान्सामधून कॅलिफोर्नियाला निघालेल्या तांड्याला वेढलं. पांढरं निशाण दाखवून शस्त्रं खाली ठेवायला लावली आणि सुमारे १२० पुरुष, बायका, मुलं मारली. सतरा लहानग्यांना ठेवलं. शिक्षा झाली ती एकट्या जॉन ली याला. १८७७ मध्ये त्याच जागी त्याला गोळ्या घातल्या.

महामंदीत बेकार बायकांना काम द्यायच्या सरकारी योजनेतून ब्रुक्सनं सेंट जॉर्ज गावात जुन्या रोजनिश्या टंकलिखित करवून घेतल्या. आजूबाजूच्या घरांतून ती वह्या मागून आणायची. दुसऱ्या लग्नानं पोरांचं लेंढार होतंच. शेजारीण आली की टंकयंत्रावर इस्त्रीचे कपडे टाकायचे, म्हणजे बाई घरकाम सोडून लिहीत बसते असं कुणाला दिसू नये. १९५० मध्ये ‘द माउंटन मेडोज मॅसॅकर’ हे तिचं पुस्तक स्टॅनफर्डनं छापलं. त्यात कत्तलीची जबाबदारी तिनं आपल्याच पंथाच्या लोकांवर ठेवली. तिला पंथातून काढलं नाही, पण तिच्याशी अंतर ठेवलं गेलं. ती मात्र रविवारी चर्चमध्ये जात राहिली. १९६१ मध्ये चर्चनं मेलेल्या लीला पुन्हा सभासद करून घेतलं आणि त्याची वाच्यता होऊ नये अशी वरिष्ठांची इच्छा होती. लीच्या चरित्रात ब्रुक्सनं ती बातमी छापलीच.

प्रत्यक्षदर्शींच्या काही जबान्या सॉल्ट लेक सिटीत चर्चच्या ताब्यात आहेत हे तिला ठाऊक होतं. त्या तिला पाहू दिल्या नाहीत. ती १९८९ मध्ये वारली. २००७ मध्ये, कत्तलीला दीडशे वर्षं झाली तेव्हा, चर्चनं त्या जागी जाहीरपणे खेद व्यक्त केला. पुढच्याच वर्षी तीन मॉर्मन इतिहासकारांचं पुस्तक ऑक्सफर्डनं काढलं आणि तिला नाकारलेली कागदपत्रंही प्रसिद्ध झाली.